सोळा बार

"सर, स्पष्ट सांगा. तार्रेगाचं 'रेक्वेर्दोस दे ला अल्हाम्ब्रा' गिटारवर बसायला मला किती दिवस लागतील?"

सर माझ्या मुलाहून लहान. ते मला काका म्हणतात, मी त्यांना सर. आता कुणालाच त्यात वावगं वाटत नाही. उजव्या अनामिकेचं नख पॉलिशपेपरवर घाशीत ते म्हणाले, "बसायला म्हणजे कुठवर?"

"न अडखळता शेवटपर्यंत."

"स्वर पाठ व्हायला तीन-चार महिने. ट्रेमोलोचं मात्र सांगत नाही. अंगठा, अनामिका, मधलं बोट, तर्जनी. मेट्रोनोम ६०वर ठेवला तरी सेकंदाला आठ आघात. एक जरी लंगडला की कानाला घोडा दौडल्यासारखं वाटतं."

"वर्ष धरू. पण मी ६१चा. तेवढ्यात पंधरवड्याला एक छोटा पीस उचलला, तर चोवीस होतात."

"त्यातले किती डिसेंबरात वाजतील?"

वर्मावर बसलं. गेल्या वर्षी बसवलेलं फर्नांदो सोरचं एट्यूड परवा काढलं, तर चौथ्या बारला बोटं हवेतच थांबली. पीस विकत घेतला असं आपण समजतो. तो असतो भाड्याचा. भाडं थकलं की सामान रस्त्यावर.

"पण परत किती वेळात आलं?" सरांनी विचारलं.

"दोन संध्याकाळींत."

"पहिल्यांदा?"

"दोन महिने. मान्य. पण जुनी भाडी भरण्यातच रोजचा तास गेला, तर नवीन शिकू कधी?"

यावर ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुमची 'लाग्रिमा' कधी बसली?"

तीही तार्रेगाचीच. आठ बार मेजर, आठ मायनर. (रोज सोळा बार करतो म्हटल्यावर बायको आधी दचकली होती.) "स्वर तीन आठवड्यांत आले. पुढं चार वर्षं तुम्ही मान हलवताय, आडवी."

"मी ती अकराव्या वर्षी शिकलो. मायनरकडे वळताना माझं मलाच अजून पटत नाही."

मला थोडा रागच आला. "सर, 'अजून पटत नाही' ही तुमच्या वयाची चैन आहे. तुमच्यापुढं चाळीस वर्षं आहेत. मला कुठंतरी 'झालं' म्हणायला हवं."

नखावरचा पॉलिशपेपर थांबला. "तार्रेगा ५७व्या वर्षी गेला, काका. तुम्ही चार वर्षं पुढंच आहात."

"तो तार्रेगा होता."

"हो. आणि पन्नाशीच्या आसपास त्यानं नखं कापून टाकली. नुसत्या बोटांच्या टोकांनी वाजवायला लागला. मऊ स्वर हवा होता. नख गेलं की तार वेगळी लागते, आघाताचा कोन बदलतो. म्हणजे स्वतःच लिहिलेले पीस त्याला पुन्हा बसवावे लागले असणार. 'अल्हाम्ब्रा'सुद्धा."

मी माझ्या नखांकडे पाहिलं. त्यांच्यासाठी घरात भांड्यांना हात लावत नाही, हे बायकोला सांगायची सोय उरली नाही.

"त्याला किती दिवस लागले?"

सर हसले. "आधी मेट्रोनोम ५०वर लावा. आणि ट्रेमोलो दुसऱ्या तारेवर. पहिलीवर सगळ्यांनाच जमतो."