कारणाचा रकाना

मनुष्यावर संकट कोसळले म्हणजे उपायाच्या आधी तो कारण शोधू लागतो, आणि जे कारण हाताशी सापडेल ते खरे की खोटे याची तो फारशी चिकित्सा करीत नाही. कारण ठरले की दोष कोणाचा हे ठरते, व दोष ठरला की मनाला एक प्रकारचे स्वास्थ्य येते. हे स्वास्थ्य किती महाग पडते याचा अनुभव आम्हांला काही वर्षांपूर्वी आला. गांजाच्या औषधी उपयोगाविषयी सांप्रत जो वाद चालू आहे, त्याकडे आम्ही तेव्हापासून निराळ्या दृष्टीने पाहू लागलो.

आमच्या वर्गात एक विद्यार्थी होता. बुद्धीने तल्लख, स्वभावाने अबोल. दुसऱ्या वर्षी तो काही सोबत्यांबरोबर गांजा ओढू लागला, आणि वर्ष संपण्यापूर्वीच भिंतीपलीकडून आपली निंदा करणारे आवाज त्याला ऐकू येऊ लागले. त्याला घरी नेण्यासाठी त्याचे वडील आले. ते एका तालुक्याच्या गावी शिक्षक होते. त्यांनी आम्हांला एकच प्रश्न विचारला, “गांजामुळेच झाले ना हे, सर?” आम्ही क्षणाचाही विलंब न लावता “होय” म्हणालो. पुढे कित्येक महिन्यांनी मुलाच्या आईकडून कळले की तिचा सख्खा भाऊही ऐन तारुण्यात असाच भ्रमिष्ट झाला होता. आणि मुलगा गांजाला शिवण्यापूर्वीच रात्र रात्र जागू लागला होता, माणसे टाळू लागला होता. वडिलांनी मात्र आमच्या ‘होय’चा आधार घेऊन त्याला व्यसनी ठरविले, व मनोविकारतज्ज्ञाकडे नेण्याऐवजी व्यसन सोडविणाऱ्या एका ठिकाणी सहा महिने ठेविले. तेथे त्याचा गांजा सुटला, आवाज सुटले नाहीत. उपचाराचे ते सहा महिने फुकट गेले, यात आमच्या त्या एका शब्दाचा वाटा किती, हा प्रश्न आम्ही अजूनही स्वतःला विचारतो.

आम्ही केलेली चूक नवी नव्हती. १८९३ साली ब्रिटिश पार्लमेंटात हिंदुस्थानातील गांजासंबंधी प्रश्न निघाला, व त्यावरून हिंदुस्थान सरकारने सात सभासदांचे एक कमिशन नेमले. त्यांत तिघे हिंदी होते. कमिशनाने ११९३ साक्षी घेतल्या आणि १८९४ साली आपला अहवाल सादर केला. गांजाने वेड लागते, हा समज तेव्हा सर्वत्र रूढ होता व त्याला आधार वेड्यांच्या इस्पितळांतील आकड्यांचा दिला जाई. कमिशनाने त्या आकड्यांच्या मुळाशी जाऊन पाहिले. रोग्याच्या कागदावर ‘वेडाचे कारण’ असा एक रकाना असे. तो पुष्कळदा पोलिसांच्या माहितीवरून भरला जाई, आणि इस्पितळाच्या वहीत तोच मजकूर उतरत असे. बेवारशी मनुष्य, डोळे तारवटलेले, हाती चिलीम. मग रकान्यात ‘गांजा’ लिहून मोकळे होण्यास कितीसा वेळ लागणार! १८९२ सालच्या अशा नोंदी एकेक करून तपासल्या, तेव्हा त्यांपैकी निम्म्याहून अधिक टिकल्या नाहीत.

येथवरचा भाग गांजाचे कैवारी मोठ्या आनंदाने सांगतात. परंतु अहवाल येथे थांबत नाही. माफक सेवनाने मनाला सामान्यतः अपाय होत नाही, असे म्हणतानाच अतिरेकाने वेड लागू शकते, आणि काही विशिष्ट प्रकृतीच्या माणसांना माफक सेवनही बाधू शकते, असेही कमिशनाने नमूद केले आहे. सरसकट बंदी नको, पण नियंत्रण हवे, हा त्याचा निष्कर्ष. रकाना घाईने भरू नये, एवढेच त्याचे म्हणणे. रकाना कायमचा कोराच राहील, असे त्याने म्हटलेले नाही.

पुढील काळात तो रकाना काही अंशी भरला गेला आहे. स्वीडनमध्ये १९६९-७० साली सैन्यभरतीस आलेल्या सुमारे ४५,००० तरुणांचा पंधरा वर्षे मागोवा घेण्यात आला. अठराव्या वर्षापर्यंत ज्यांनी पन्नासाहून अधिक वेळा गांजा ओढला होता, त्यांच्यात स्किझोफ्रेनियाचे प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सहापट आढळले. ही गोष्ट १९८७ साली प्रसिद्ध झाली. त्यावर, मन आधीच बिघडू लागलेला तरुणच गांजाकडे वळत असेल, असा आक्षेप निघाला. तो रास्त होता, व आमच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत तर तो अक्षरशः लागू पडतो. परंतु पुढच्या अभ्यासांत अशा इतर कारणांचा हिशेब धरूनही संबंध पुरता पुसला गेला नाही. २०१९ साली युरोप व ब्राझील येथील अकरा ठिकाणचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तीव्र जातीचा गांजा रोज घेणाऱ्यांमध्ये चित्तभ्रमाचा संभव कधीच न घेणाऱ्यांच्या जवळजवळ पाचपट असल्याचे त्यात दिसले. आजचा मालही जुना राहिलेला नाही. अमेरिकेत पकडलेल्या गांजात टीएचसी या मादक द्रव्याचे प्रमाण १९९५ साली शेकडा ४ च्या आसपास होते; २०१४ पर्यंत ते १२ वर गेले.

आता दुसरी बाजू. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातील डॉ. ओशॉनेसी यांनी १८३९ साली गांजाच्या अर्काचे प्रयोग प्रसिद्ध केले. धनुर्वात, पटकी, संधिवात आणि एका तान्ह्या जिवाची आकडी यांवर त्यांनी तो वापरून पाहिला होता. त्यानंतर जवळजवळ एकशे ऐंशी वर्षांनी, २०१८ साली, याच वनस्पतीतील सीबीडी या मादक नसलेल्या द्रव्याचे शुद्ध औषध अमेरिकेत मान्य झाले, आणि तेही लहान मुलांच्या दोन दुर्धर आकड्यांवरच. केमोथेरपीनंतरच्या ओकाऱ्या, मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये स्नायूंना येणारा ताठरपणा व प्रौढांच्या काही जुनाट वेदना यांवरही या वनस्पतीतील द्रव्ये गुणकारी ठरतात, असे अमेरिकेतील राष्ट्रीय विद्वत्संस्थांनी २०१७ च्या अहवालात मान्य केले. आणि स्किझोफ्रेनियाशी असलेला संबंधही त्याच अहवालात मान्य केला. तेव्हा ‘औषध की विष’ हा प्रश्नच मुळी चुकीचा मांडला गेला आहे. दोन्ही उत्तरे एकाच ग्रंथात शेजारी शेजारी नांदत आहेत.

यात सर्वांत चिंतेची बाब अशी की, झोप न येणे, मनाची तगमग, उदासीनता यांसाठी गांजाकडे वळणारे लोक पुष्कळ. आणि नेमका याच विकारांवर गुण येतो, याचा पुरावा सर्वांत तोकडा. आपल्याकडे १९८५ च्या कायद्याने गांजा व चरस निषिद्ध केले, पण पानांची भांग त्या व्याख्येतून वगळली. त्या सवलतीच्या आधाराने ‘विजया’ या जुन्या नावाखाली चिंता व निद्रानाश यांवरची तेले आज घरपोच मिळू लागली आहेत. ज्याचे मन आधीच डळमळले आहे तोच हा माल मागवितो, आणि त्याच्या मामाला काय झाले होते, हे त्याला विचारणारा मध्ये कोणी नसतो.

कोणी म्हणेल, आपल्या शरीराचे काय करावे हे ज्याचे त्याने ठरवावे. मिल्लचे हेच सांगणे आहे. परंतु १८५९ च्या आपल्या ग्रंथात मिल्लने हे स्वातंत्र्य परिपक्व बुद्धीच्या माणसांपुरतेच मर्यादित केले असून अल्पवयीनांना त्यातून स्पष्टपणे वगळले आहे. अठराएकोणीस वर्षांचा मुलगा कायद्याने सज्ञान झाला, तरी त्याच्या मेंदूची वाढ पुरी झालेली नसते. शिवाय येथे धोका आहे तो निवड करणाऱ्या मनालाच. पाय मोडला तरी मनुष्य पुन्हा विचार करून निर्णय बदलू शकतो. विचारच मोडला तर निर्णय बदलावा कोणी?

उलटपक्षी, या भीतीपोटी ओकाऱ्यांनी अर्धमेल्या झालेल्या कर्करोगी स्त्रीला तिचे औषध नाकारणे हाही अन्यायच होय. कोणाही मनुष्याला केवळ साधन म्हणून वापरू नये, असे कांट सांगतो. दुसऱ्या घरचा मुलगा सुरक्षित राहावा म्हणून या स्त्रीने तळमळावे, असे म्हणणारा तिला साधन बनवितो. आणि तिच्या वेदना पुढे करून त्यांच्या आडून सर्वांना सर्व काही विकू पाहणारा व्यापारीही तिला साधनच बनवितो. पहिल्याच्या मुखी नीती असते, दुसऱ्याच्या मुखी करुणा. पण रुग्णाकडे मात्र दोघांचीही पाठ असते.

आमच्या मते एखाद्या पदार्थाला औषध म्हणणे ही त्याची स्तुती नव्हे. ती एक जबाबदारी आहे. औषध म्हटले की मात्रा आली, वय आले, कुळाचा इतिहास आला, आणि दिल्यानंतर काय होते हे पाहणारा व त्याबद्दल जाब देणारा मनुष्य आला. अफूपासून निघालेले मॉर्फिन आपण याच अटीवर रोग्याला देतो, व ते दिल्याने कोणी अफूला निर्दोष ठरवीत नाही. गांजातील द्रव्यांना याहून अधिक सवलत नको आणि याहून कमी न्यायही नको. ज्या रोगावर गुण सिद्ध झाला आहे त्याच्या रोग्याला ती सुलभ व्हावीत. तरुणाला, विशेषतः ज्याच्या घराण्यात मनोविकार आहे त्याला, त्यांचा धोका न भिवविता पण स्पष्टपणे सांगितला जावा. आणि जो त्यांत सापडलाच, त्याला गुन्हेगाराआधी रोगी म्हणून पाहावे.

त्या शिक्षकांची आम्हांला आजही आठवण होते. त्यांनी पुन्हा येऊन तोच प्रश्न विचारला, तर आम्ही ‘होय’ म्हणणार नाही आणि ‘नाही’ही म्हणणार नाही. गांजाने भर घातली असेल, कदाचित पुष्कळ घातली असेल. परंतु मूळ कोठे आहे हे आम्हांला ठाऊक नाही, तेव्हा उद्याच मुलाला घेऊन डॉक्टरांकडे जाऊ, असे आम्ही त्यांना सांगू, व त्यांच्याबरोबर जाऊ. त्या दिवशी त्यांना कारण हवे होते आणि मुलाला सोबत हवी होती. आम्ही सोपे होते ते दिले.