रानात सापडलेले प्रेत आणि गावाची साक्ष

शास्त्रपाठ : अनुवाद 21:1–9. सोबत वाचावे : उत्पत्ति 37 व 42, गणना 27:1–7, इब्री 12:24.



मोशेच्या नियमशास्त्रात एक विधी सांगितला आहे, तो आपल्या मंडळ्यांत क्वचितच वाचला जातो. रानात कोणा मनुष्याचे प्रेत पडलेले सापडले आणि त्यास कोणी मारिले हे कळून आले नाही, तर काय करावे, ह्याविषयी तो विधी आहे. देवाने असे सांगितले नाही की, मारणारा सापडत नाही तर प्रेत पुरावे आणि आपापल्या कामास लागावे. त्याने सांगितले की, वडिलांनी व न्यायाधीशांनी बाहेर निघावे आणि प्रेतापासून भोवतालच्या नगरांचे अंतर मोजावे. जे नगर सर्वांत जवळ ठरेल, त्याच्या वडिलांनी कधी जुवाखाली न घातलेली कालवड घेऊन वाहत्या पाण्याच्या, नांगर न लागलेल्या खोऱ्यात जावे, तेथे तिची मान मोडावी, याजकांसमक्ष तिच्यावर हात धुवावे, आणि आपल्या हातांनी हे रक्त पाडिले नाही व आपल्या डोळ्यांनी ते पाहिलेही नाही, असे देवापुढे बोलावे. मग निर्दोष रक्ताचा दोष आपल्या लोकांवर राहू नये म्हणून क्षमा मागावी.

आमच्या वाचकांस ह्यातील पुष्कळसे ओळखीचे वाटेल. आपल्या गावी असा प्रसंग आला म्हणजे प्रथम पोलीस पाटलास बोलावणे जाते. 1867 साली मुंबई इलाख्यासाठी ग्राम-पोलिसांचा कायदा झाला. गावच्या हद्दीत कोणी अकस्मात वारला किंवा प्रेत सापडले, तर पाटलाने गावातील किंवा शेजारची दोन अगर अधिक समजूतदार माणसे जमवावी व मरणाचे कारण शोधावे, असे त्यात ठरले. तेव्हा अनेक गावी पाटीलकी वंशपरंपरेची होती. बापामागून मुलगा पाटील होई, आणि जे घर चौकशी करी त्याच घराचे नातेगोते गावभर पसरलेले असे. वंशपरंपरेची ती पाटीलकी 1 जानेवारी 1963 पासून महाराष्ट्रात बंद झाली. 1967 सालच्या नव्या कायद्याने पोलीस पाटील नेमून देण्यात येऊ लागला. परंतु प्रेताभोवती समजूतदार माणसे जमविण्याचे त्याचे कर्तव्य राहिलेच. ह्यास्तव प्रश्न केवळ पाटलाचा नाही. जी दोन-चार समजूतदार माणसे तो बोलावितो, ती कोण? ती आपणच आहो. आपण तेथे काय बोलतो आणि काय पोटात ठेवितो, हा आजच्या उपदेशाचा विषय आहे.

आता एक गाव मनापुढे आणू. ते अमुकच गाव नव्हे. हा दृष्टांत आहे. पालघरापासून बोईसर-तारापूरपर्यंत, खाडीकाठी म्हणा की डोंगराच्या पायथ्याशी पाड्यावर म्हणा, ते कोठेही असू शकेल. पावसाळ्याच्या एका सकाळी एक विधवा विहिरीत मेलेली सापडते. काठावर तिचा विळा आहे, गवताचा अर्धा बांधलेला भारा आहे. पोलीस पाटील येतो, पंच बसतात, दीर सांगतो की पाय घसरला असावा. चिखलावर घसरल्याची खूण आहे. सर्व माना हलवितात. कागद लिहिला जातो, खाली सह्या व अंगठे होतात.

परंतु त्या घरात तीस वर्षांपूर्वीची एक गोष्ट दडलेली आहे. तिचा नवरा वारला तेव्हा वारसचौकशीत थोरल्या भावाने सांगितले की, मृतास वारस नाही. विधवा माहेरी बाळंत होती. तलाठ्याच्या दप्तरात फेरफार झाला, सात-बारावर तिचे नाव लागलेच नाही. ती राबत राहिली, तिची मुलगी राबत राहिली. वरकस जमीन होती तोवर कोणी विचारले नाही. मग रस्ता आला, कारखाने आले, एकराचा भाव वाढला, आणि एके दिवशी मुलगी शाळेतील अक्षरे घेऊन तो उतारा वाचावयास बसली. विहिरीच्या सकाळीआधी दोन रात्री त्या घरात मोठ्याने बोलणे झाले. ते शेजाऱ्याने ऐकिले. तो शेजारी आपल्या मंडळीचा वडील आहे; आणि तीस वर्षांपूर्वी वारसचौकशीच्या कागदावर पंच म्हणून अंगठा त्याचाच आहे.

तिला कोणी ढकलिले की तिचा पाय खरोखर घसरला, हे मी सांगत नाही. ते देव जाणतो, आणि शोधणे हे पोलिसांचे व न्यायालयाचे काम आहे. मी इतकेच विचारतो की, तो शेजारी पाटलापुढे उभा राहून माझ्या डोळ्यांनी काही पाहिले नाही असे म्हणू शकेल काय? पाटलास विहिरीचे तोंड दिसते. तीस वर्षांपूर्वीचा फेरफार त्यास दिसत नाही. तो कोणी तरी बोलून दाखविला पाहिजे.

ह्या शास्त्रपाठातून तीन गोष्टी शिकावयाच्या आहेत.

पहिली गोष्ट ही की, देव अंतर मोजावयास लावितो. मेलेला कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा, कोणाच्या भावकीचा, हे त्या विधीत कोठेही विचारिलेले नाही. त्याचे नावही नाही. जो जवळ आहे, त्याच्यावर उत्तराची जबाबदारी आहे. 16 एप्रिल 2020 च्या रात्री आपल्याच जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे, सुरतेकडे निघालेले दोन साधू व त्यांचा गाडीवान अशा तिघांस जमावाने ठार मारिले. मुले पळविणारे व चोर हिंडत आहेत अशी अफवा त्या दिवसांत पाड्यापाड्यांवर पसरली होती. ते तिघे आपल्या मंडळीचे नव्हते, म्हणून त्यांचे रक्त आपल्यापासून दूर आहे काय? दोरी टाकून मोजा. अफवा ज्या ज्या ओटीवर बसून पुढे गेली, ती ओटी जवळची आहे. ज्याने ऐकिली, जो खरीखोटी करावयास गेला नाही, आणि पुढच्या पाड्यास सांगून मोकळा झाला, त्याने स्वतःस दूरचा समजू नये.

आणि मरणाचे कारण कळले नाही म्हणजे आपल्यातील कित्येक अजून रात्रीच्या अंधारात भगताकडे दाणे पाहावयास जातात, हे आम्हांस ठाऊक आहे. भगताचे बोट कोणाकडे वळते? बहुधा एकट्या बाईकडे, विधवेकडे, जिच्या पाठीशी भाऊ नाही व जिच्या नावावर किंवा हक्कात तुकडाभर जमीन आहे तिच्याकडे. तिला भुताळी म्हटले की घरातील जुना लोभ देवादिकांच्या नावाने पवित्र झाल्यासारखा वाटतो. असल्या छळाविरुद्ध महाराष्ट्रात 2013 साली कायदा झाला. पण कायदा होण्यापूर्वीही ख्रिस्ती मनुष्यास हे ठाऊक असावयास हवे होते की, खोटा दोष लावून जमीन घेण्याची युक्ती फार जुनी आहे. नाबोथाचा मळा अशाच रीतीने घेतला गेला; आणि लक्षात ठेवा, ईजबेलेचे पत्र गेले ते त्याच्याच गावच्या वडिलांस, आणि त्यांनी ते निमूटपणे अंमलात आणिले.

दुसरी गोष्ट ही की, न बोललेले सत्यही खोटी साक्ष होऊ शकते. योसेफाच्या भावांकडे पाहा. त्यांनी झगा रक्तात बुडविला व बापाकडे पाठविला. आपल्या भावास श्वापदाने खाल्ले, असे ते बोलले नाहीत. हा तुझ्या मुलाचा झगा आहे की काय ते ओळख, इतकेच त्यांनी विचारिले. झगा खरा होता, रक्तही खरे होते, आणि निष्कर्ष बापाने आपणच काढिला. तरी तो पंचनामा समूळ खोटा होता! योसेफ त्या वेळी सतरा वर्षांचा होता. भावांपुढे त्याने आपली ओळख दिली तेव्हा शास्त्रातील वर्षे मोजिता तो एकोणचाळीस वर्षांचा होतो. म्हणजे बावीस वर्षे म्हातारा बाप त्याच घरात रडला, आणि दहा मुलगे त्याचे सांत्वन करीत बसले. बावीस वर्षे एका ताटात जेवले, एका तंबूत निजले, आणि कोणी बोलला नाही. मग मिसरात संकट आले तेव्हा त्यांच्या तोंडून आपोआप निघाले की, आपण आपल्या भावाविषयी अपराधी आहो. तो काकुळतीस आला असता आपण ऐकिले नाही. पाहा, कोणी आरोप केला नव्हता, कोणी भाऊ फितुरी झाला नव्हता. पुरलेली गोष्ट जिवंत राहिली होती.

आमच्या ह्या भागास असल्या मौनाचा अनुभव आहे. लग्नासाठी सावकाराकडून थोडे रुपये घेतले म्हणजे नवरा-बायकोने त्याच्या घरी वर्षानुवर्षे राबावे, आणि कधी ते ओझे मुलांवरही यावे, ह्यास लग्नगडी म्हणत. वेठ, मारहाण, बायांची विटंबना, ही पाड्यापाड्यास ठाऊक होती. पण बोलावयाचे कोणी? 1937 साली मुंबई सरकारने सायमिंग्टन नावाच्या अधिकाऱ्यास डोंगरी लोकांच्या स्थितीची चौकशी करावयास नेमिले, तेव्हा ह्या गोष्टी सरकारी अहवालात आल्या. पुढे मे 1945 मध्ये तलासरीकडील झरी गावी वारली लोक जमले आणि आम्ही वेठ करणार नाही असे त्यांनी उघडपणे ठरविले. त्या चळवळीच्या पुढाऱ्यांची मते काहीही असोत, एक गोष्ट आपण नाकारू शकत नाही : ज्यांस मुके समजत होते ते बोलू लागले, तेव्हाच बेडी सैल झाली. आमच्या कित्येक वाचकांचे आजोबा त्या बेडीत होते. अशा आजोबांच्या नातवांनी आपल्या घरी विधवा भावजयीस बिनपगारी गडी करून ठेवावे, हे शोभते काय?

तारापूरचे अणुवीजकेंद्र 1969 साली चालू झाले. पुढे त्याच्या तिसऱ्या व चौथ्या भागासाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे उठविण्यात आली. बोईसरास कारखान्यांची वसाहत उभी राहिली. जेथे जमिनीचे रुपये होतात तेथे प्रत्येक घराची जुनी पेटी उघडते, आणि कोणाचे नाव गाळिले होते ते वर येते. ह्यास्तव आमचे सांगणे आहे की, ती पेटी भांडण होण्यापूर्वी तुम्ही स्वतः उघडा. सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढे उभ्या राहून बापाचे वतन मागू लागल्या, तेव्हा देवाने त्यांस उद्धट म्हटले नाही. त्यांचे बोलणे यथार्थ आहे असे त्याने सांगितले. आपल्या देशातही 1925 च्या उत्तराधिकार कायद्याप्रमाणे ख्रिस्ती मनुष्य मृत्युपत्र न करिता वारला व मागे बायको-मुले असली, तर सामान्यतः विधवेस तिसरा हिस्सा व उरलेले मुलांस आणि मुलींस सारखे मिळते. मुलीचे नाव लाविणे ही भावांची मेहेरबानी नव्हे. तो तिचा हक्क आहे.

तिसरी गोष्ट, आणि तीच सुवार्ता आहे. कोणी म्हणेल, माझ्या हातांनी पाप केले आहे, माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. मी त्या वडिलांसारखे हात कसे धुवावे? पिलातानेही पाणी मागवून लोकांदेखत हात धुतले, पण त्यास निर्दोष मनुष्य ठाऊक होता, म्हणून ते पाणी त्याच्या काहीच उपयोगी पडले नाही. जाणूनबुजून उगे राहिलेल्यास पाण्याने शुद्ध होता येत नाही. त्याच्यासाठी नगराबाहेर दुसरे एक मरण झाले आहे. हाबेलाचे रक्त भूमीतून न्याय मागते. येशूचे रक्त त्याहून उत्तम बोलते, कारण ते क्षमा मागते. परंतु ते रक्त पाप झाकून ठेवणाऱ्याचे पांघरूण नव्हे. जक्कयाच्या घरी तारण आले त्याच दिवशी त्याने जेवणाच्या पंक्तीत उठून सांगितले की, ज्याचे अन्यायाने घेतले त्यास चौपट परत देतो. प्रभूने त्यास हिशोब विचारिला नव्हता. क्षमा मिळालेल्या मनुष्याचे तोंड आपोआप उघडते.

म्हणून धर्मशिक्षक बंधूंस विनंती. मंडळीत कोणाच्या घरची जुनी गोष्ट तुमच्या कानी आली, तर ती चावडीवर सांगत फिरू नका. कारण चहाडी ही साक्ष नव्हे. त्या मनुष्याकडे एकटे जा, त्याच्यासह गुडघे टेका, आणि मग त्याचा हात धरून जेथे सांगावयाचे तेथे चला : जमिनीची गोष्ट असेल तर तलाठ्याकडे, जिवाची असेल तर पोलीस पाटलाकडे व ठाण्यात. पापाची कबुली ऐकिली म्हणजे गुन्ह्याची चौकशी संपली, असे कोणास शिकवू नका. जो बोलेल त्यास भाऊबंद वाळीत टाकतील. तेव्हा मंडळीने त्याच्या दारी बसावे, त्याच्या शेतावर लावणीस जावे, त्याच्या मुलांस आपल्या घरी जेवू घालावे. सत्य बोलणाऱ्यास एकटे सोडणारी मंडळी पुढच्या वेळी मुकी मंडळी होते.

आणि त्या दृष्टांतातील शेजाऱ्यास, जर तो हे वाचीत असेल तर, आम्ही म्हणतो : बाबा, तुझा अंगठा तीस वर्षांपूर्वीच्या कागदावर आहे. ती बाई आता काही मागू शकत नाही, पण तिची मुलगी जिवंत आहे. उद्याच ऊठ आणि तिच्याबरोबर जा. तुझ्या म्हाताऱ्या हातास त्या दिवशी जी लाज वाटेल, ती तुझ्या आत्म्यास शुद्ध करणाऱ्या प्रभूपुढे फार हलकी आहे.

ज्याच्यापुढे काही झाकलेले नाही, तो देव आम्हां सर्वांस खरे बोलण्याचे धैर्य आणि केलेले फेडण्याची इच्छा देवो. आमेन.