‘ओके’ लिहून मोकळे झालात!

हे सगळे अहवाल परत न्या. एकावरही मी सही करणार नाही.

छतावरची सौर यंत्रणा, इन्व्हर्टर, बॅटरी, स्मार्ट मीटर, प्रत्येकापुढे तुम्ही ‘ओके’ लिहिलंय. दुपारी ऊन चांगलं होतं, सप्लाय सुरळीत होता, फीडरवर काही गडबड नव्हती. इन्व्हर्टरचा हिरवा दिवा लागला, तुम्ही डिस्प्लेचा फोटो काढला आणि चाचणी झाली म्हणून घरी गेलात. सुरळीत सप्लायवर इन्व्हर्टर चालतो हे कारखान्यातून बाहेर पडतानाच तपासलेलं असतं. तेच पुन्हा बघायला इंजिनिअर कशाला हवा?

ग्रिडला जोडायच्या यंत्राची चाचणी करायला मी सांगितलं होतं. व्होल्टेज अचानक निम्म्यावर आलं तर ते काय करतं? फ्रिक्वेन्सी सरकली तर किती वेळात काय करतं? झटका एकदाच न बसता लागोपाठ पाच-सहा वेळा बसला तर? आणि त्याच्यासारखी लाखभर यंत्रं त्याच क्षणी तेच करू लागली तर ग्रिडचं काय होईल? यांतल्या एकाही प्रश्नाचं उत्तर तुमच्या अहवालांत नाही. हे प्रश्न विचारायचे राहून गेले म्हणून परदेशांत अख्खी राज्यं अंधारात बुडाली आहेत. तो सगळा इतिहास छापील अहवालांत उपलब्ध आहे, आणि तुमच्यापैकी एकानेही तो उघडून पाहिलेला नाही. म्हणून आज बसा आणि ऐका.

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तो तुम्हाला सुचलासुद्धा नाही. जर्मनीत घरगुती सौर यंत्रणांना नियम होता की फ्रिक्वेन्सी ५०.२ हर्ट्झच्या वर गेली की इन्व्हर्टरने तत्काळ ग्रिडपासून वेगळं व्हायचं. नियम करणारे बेजबाबदार नव्हते. तेव्हा छतावरची वीज नगण्य होती. गडबड दिसताच लहान यंत्रणेने बाजूला होणं हेच सुरक्षित होतं. पुढे छतं भरत गेली, सौर क्षमता २०,००० मेगावॉटच्या पलीकडे गेली, नियम मात्र तोच राहिला. मुख्य युरोपच्या सामाईक ग्रिडमध्ये अचानक पडलेली तूट भरायला हाताशी ठेवलेली राखीव वीज होती ३,००० मेगावॉट. आता हिशेब करा. कडक उन्हाच्या दुपारी फ्रिक्वेन्सी ५०.२ ला टेकली असती, तर त्या राखीव विजेच्या कितीतरी पट वीज एका क्षणात गेली असती. जत्रेत एक माणूस पळत दाराबाहेर गेला तर कुणाचं काही बिघडत नाही; सगळे एकाच क्षणी दाराकडे धावले की चेंगराचेंगरी होते. प्रत्येक इन्व्हर्टर आपापल्या चाचणीत पास झालेला होता. सगळ्यांची मिळून चाचणी कुणी घेतलीच नव्हती.

तिथल्या सरकारला २०१२ मध्ये खास नियम काढून आधीच बसवलेल्या ३ लाखांहून अधिक यंत्रणांची सेटिंग्ज बदलायला लावावी लागली. त्याआधी, २०११ पासूनच, नव्या यंत्रणांसाठी पद्धत बदलली होती: ५०.२ नंतर एकदम बंद व्हायचं नाही, दर हर्ट्झला ४० टक्के या उताराने वीज कमी करत न्यायची आणि ५१.५ पर्यंत टिकून राहायचं. कागदावर बदल एका ओळीचा होता. तो वेळेवर झाला नाही म्हणून लाखो इमारतींत माणूस पाठवावा लागला.

दुसरी गोष्ट कॅलिफोर्नियाची. १६ ऑगस्ट २०१६ रोजी तिथल्या वणव्यामुळे ५०० केव्हीच्या लाईनवर फॉल्ट झाला. संरक्षण यंत्रणेने तो क्षणार्धात दूर केला, म्हणजे ग्रिडने आपलं काम चोख केलं. तरीही सुमारे १,२०० मेगावॉट सौर वीज गायब झाली. चौकशीत काय निघालं? फॉल्टच्या क्षणी व्होल्टेजची लहर वेडीवाकडी झाली. बऱ्याच इन्व्हर्टरनी त्या मोडक्या लहरीवरून फ्रिक्वेन्सी मोजली, ती ५७ हर्ट्झच्या खाली गेल्याचा चुकीचा निष्कर्ष काढला आणि सेटिंगप्रमाणे लगेच ट्रिप झाले. ग्रिडची खरी फ्रिक्वेन्सी तेव्हा ६० च्या अगदी जवळ होती. यंत्राने आज्ञा तंतोतंत पाळली. त्याचं मोजमाप खोटं होतं. नंतर ट्रिप होण्याआधी थोडं थांबण्याची दुरुस्ती केली. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये पुन्हा वणवा, पुन्हा फॉल्ट, आणि पुन्हा सुमारे ९०० मेगावॉट गेले. या वेळी फ्रिक्वेन्सीचा घोळ नव्हता. क्षणिक वाढलेल्या व्होल्टेजला इन्व्हर्टर बिचकले. एक दोष काढला म्हणजे यंत्र निर्दोष झालं असं समजणाऱ्यांनी ही दोन वर्षं नीट अभ्यासावीत.

तुमच्यापैकी एका गटाने फॉल्ट देऊन पाहिल्याचा दावा केलाय, आणि पुरावा म्हणून स्मार्ट मीटरच्या पंधरा-पंधरा मिनिटांच्या नोंदी जोडल्यात. फॉल्ट किती वेळ टिकतो? सेकंदाचा दहावा भाग, कधी त्याहूनही कमी. पंधरा मिनिटांच्या नोंदीत तो दिसणार कसा? लॅबमध्ये ऑसिलोस्कोप आहे, डिस्टर्बन्स रेकॉर्डर आहे, त्यांना हात न लावता तुम्ही निष्कर्ष लिहिलात. शिवाय दोन मीटरची घड्याळं एकमेकांशी जुळत नाहीत. मग आधी काय घडलं आणि नंतर काय, हे कशावरून ठरवलंत? अमेरिकेच्या वायव्येला २०१० ते २०१५ या काळात पाच राज्यांत, अकरा वीज कंपन्यांना घेऊन, १७.८ कोटी डॉलरचा स्मार्ट ग्रिड प्रयोग झाला. एवढ्या मोठ्या प्रकल्पालाही नोंदींच्या दर्जाने सतावलं, आणि त्यांनी ते आपल्या अहवालात लपवलं नाही. जे सिद्ध झालं नाही ते सिद्ध झालं नाही असंच लिहिलं. तुमच्या अहवालात मात्र एकही प्रयोग फसलेला नाही. मला तीच गोष्ट सर्वांत जास्त खटकते.

आता सेटिंग्ज. ‘कंपनीची सेटिंग्ज तशीच ठेवली’ असं सगळ्यांनी लिहिलंय. ती काय होती? एकालाही सांगता आलं नाही. २८ सप्टेंबर २०१६ रोजी दक्षिण ऑस्ट्रेलियात वादळाने पारेषणाचे मनोरे पाडले. दोन मिनिटांच्या आत व्होल्टेज सहा वेळा कोसळलं आणि सावरलं. तिथल्या पवनचक्क्या असा धक्का सोसू शकतात हे तपासलेलं होतं. पण त्यांच्या नियंत्रकात आणखी एक सेटिंग होतं: ठरावीक वेळात किती धक्के सोसायचे याची मर्यादा. ती ओलांडताच नऊ पवन प्रकल्पांनी काही सेकंदांत ४५६ मेगावॉट कमी केले. तेवढा भार शेजारच्या राज्याकडून येणाऱ्या लाईनवर पडला, ती ट्रिप झाली आणि अख्खं राज्य काळोखात गेलं, सुमारे साडेआठ लाख ग्राहक. हे सेटिंग आहे हे ग्रिड चालवणाऱ्यांना माहीतच नव्हतं. वाऱ्याची वीज वाईट, असा ओरडा नंतर खूप झाला, पण दोष वाऱ्याचा नव्हता. यंत्राच्या पोटात दडलेला एक आकडा कुणी मागितला नाही, कुणी दिला नाही आणि कुणी तपासला नाही. तुमच्या अहवालात सेटिंग्जचा रकाना कोरा का आहे, हे मी इतक्या कडकपणे का विचारतो ते आता कळलं?

ब्रिटनचं उदाहरण तर तुमच्या डोळ्यांसमोर घडलंय. ९ ऑगस्ट २०१९ ला संध्याकाळी ४ वाजून ५२ मिनिटांनी एका लाईनवर वीज पडली. असं वर्षातून अनेकदा घडतं. पण त्या एका झटक्यात समुद्रातल्या हॉर्नसी पवन प्रकल्पाचे ७३७ मेगावॉट आणि लिटल बारफर्डच्या गॅस केंद्रातले २४४ मेगावॉट गेले. त्याबरोबर गावोगावचे छोटे वीजनिर्मिती संच शेकडो मेगावॉट घेऊन बंद पडले. त्यांतल्या अनेकांना सांगितलेलं होतं की फ्रिक्वेन्सी सेकंदाला ०.१२५ हर्ट्झपेक्षा वेगाने बदलली तर ग्रिड तुटलं असं समजा. फ्रिक्वेन्सी ४८.८ पर्यंत घसरली आणि सुमारे ११ लाख ग्राहकांचा सप्लाय आपोआप तोडावा लागला. तो तासाभरात परत आला. पण फ्रिक्वेन्सी ४९ च्या खाली जाताच काही नव्या लोकल गाड्या स्वतःहून बंद झाल्या होत्या, आणि त्यांतल्या कित्येक लॅपटॉप घेतलेला तंत्रज्ञ पोचेपर्यंत पुन्हा चालू होईनात. प्रवासी तासन्‌तास अडकले. गाडी बंद कशी होते याची चाचणी झाली असेल. पुन्हा चालू कशी होते, कुणाच्या हाताने होते, याचा विचार कुणी केला होता?

आता तुम्ही म्हणाल, ‘सर, मग यंत्राने ट्रिपच होऊ नये का?’ असं म्हणालात तर मी जास्त रागावेन. सप्लाय खरोखर गेला की इन्व्हर्टर बंद झालाच पाहिजे. लाईन बंद आहे या विश्वासावर लाईनमन खांबावर चढलेला असतो. कुणाच्या छतावरून वीज उलटी आली तर त्याचा जीव जातो. म्हणून अमेरिकेतल्या २००३ च्या आयईईई १५४७ मानकाचा रोख गडबड होताच बाजूला होण्यावर होता. २०१८ मध्ये तेच मानक बदलून तात्पुरत्या धक्क्यात टिकून राहणं सक्तीचं झालं, आणि ग्रिड खरंच तुटलं तर बंद होण्याची अट तशीच राहिली. तात्पुरता धक्का आणि तुटलेलं ग्रिड यांतला फरक यंत्राला ओळखता आला पाहिजे. तुमच्या चाचणीचा गाभा हा फरक होता. तुम्ही त्याच्या जवळपासही गेला नाहीत.

प्रामाणिक चाचणी फक्त अडवते असं समजू नका. हवाई बेटांवर घराघरांत सौर यंत्रणा इतक्या झाल्या की वीज कंपनीने नव्या परवानग्या रोखून धरल्या. भीती अशी होती की फीडर तुटला तर छतावरची वीज व्होल्टेज भलतंच चढवेल आणि शेजाऱ्यांची उपकरणं जळतील. मग कोलोराडोतल्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत इन्व्हर्टरवर मुद्दाम तोच प्रसंग ओढवला आणि व्होल्टेज किती चढतं, किती वेळ टिकतं हे मोजलं. हाती आकडे आल्यावर अडकलेल्या परवानग्या सुटू लागल्या. २०१५ मध्ये तिथल्या सुमारे ८ लाख मायक्रोइन्व्हर्टरची सेटिंग्ज दुरून बदलली, एकाही घराची बेल न वाजवता. जर्मनीत जे काम घरोघर जाऊन करावं लागलं ते इथे तारेवरून झालं. पण दुरून सुधारता येणारं यंत्र दुरून बिघडवताही येतं. ते दार कोणत्या कुलपाने बंद आहे, हेसुद्धा तुमच्या चाचणीत यायला हवं होतं.

आता आपल्याकडे या. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर भारत सलग दोन दिवस अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्य भारतही. फ्रिक्वेन्सी घसरली की भार तोडणारे रिले बसवलेले होते, त्यांचे आकडे कागदावर होते, पण वेळ आली तेव्हा त्यांच्याकडून अपेक्षित दिलासा मिळाला नाही. ५ एप्रिल २०२० ची रात्रही आठवा. नऊ वाजता नऊ मिनिटं देशाने दिवे मालवले. १२-१४ हजार मेगावॉट मागणी उतरेल असा अंदाज होता, उतरली ३१ हजारांहून जास्त. ग्रिड पडलं नाही, कारण ते चालवणाऱ्यांनी आधीच जलविद्युत केंद्रांची भूमिका ठरवली होती, तालीम केली होती आणि अंदाज चुकला तरी पुरेल एवढी गुंजाइश ठेवली होती. त्या रात्री फ्रिक्वेन्सी ५०.२६ ला पोचली होती. म्हणजे जर्मनीचा तो ५०.२ चा आकडा आपण ओलांडला. रात्र होती, छतावर ऊन नव्हतं. तीच गोष्ट भर दुपारी, कोट्यवधी इन्व्हर्टर जोडलेले असताना घडली, तर? आपल्या २०१३ च्या नियमांत लहान निर्मितीने ५०.५ च्या वर आणि ४७.५ च्या खाली ०.२ सेकंदात तुटावं असं लिहिलं होतं. तुम्ही तपासलेला इन्व्हर्टर आज कोणत्या आकड्यावर बसवलाय? प्रधानमंत्री सूर्यघर योजनेचं उद्दिष्ट एक कोटी घरांचं आहे. त्यांतली लाखो छतं महाराष्ट्रातली असणार, आणि ती तुमच्या पिढीने लिहिलेल्या ‘ओके’वर जोडली जाणार.

म्हणून काम पुन्हा करायचं. प्रत्येक इन्व्हर्टरची सगळी सेटिंग्ज यंत्रातून वाचून काढा आणि अहवालाच्या पहिल्या पानावर लिहा. सिम्युलेटरवर व्होल्टेज पाडा, एकदा पाडू नका, लागोपाठ सहा वेळा पाडा. लहर बिघडवा आणि यंत्र फ्रिक्वेन्सी किती दाखवतं ते पाहा. संपर्क तोडा, घड्याळं जुळवा, मग पुन्हा तोडा. एका फीडरवर पन्नास इन्व्हर्टर एकत्र असतील तर काय होईल, हे मॉडेलवर चालवून दाखवा. ग्रिड गेल्यावर यंत्र किती सेकंदांत बंद झालं, ते लाईनमनचा जीव डोळ्यांपुढे ठेवून मोजा. आणि प्रत्येक अहवालात ‘काय फसलं’ असं एक पान हवंच. ते कोरं असेल तर उरलेला अहवाल मी उघडणार नाही.

ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रात बसलेला माणूस प्रत्येक छतावर जाऊन पाहू शकत नाही. तुमच्या सहीवर विसंबून तो निर्णय घेतो. तो विश्वास तुम्ही अजून कमावलेला नाही. तो कमवायची तयारी असेल तर लॅब रात्री उशिरापर्यंत उघडी ठेवण्याची जबाबदारी माझी, आणि तुम्ही थांबाल तोवर मीही थांबेन. तयारी नसेल तर वीजखात्याकडे वळू नका. बिनबुडाच्या ‘ओके’वर सही करणारा एकही विद्यार्थी मी माझ्या हाताने पास करणार नाही.