शेणकिडा आणि आम्ही

मृगाच्या पहिल्या सरी पडून गेल्या होत्या. भंडारा जिल्ह्यातील कोका अभयारण्यालगतच्या एका शिवारात आम्ही सकाळी फिरावयास निघालो होतो. वाटेवर गुरांच्या शेणाचा ताजा पो पडला होता आणि त्याच्या कडेने एक काळा भुंगेरा स्वतःहून मोठा गोळा मागच्या पायांनी ढकलीत, डोके खाली घालून उलटा चालला होता. आमच्या धाकट्या पुतण्याने "शी, घाण!" म्हणत त्याच्यावर पाय उगारला. सोबतच्या वृद्ध गुराख्याने त्याचा हात धरला. "नको मारू रे बाबू. तो आहे म्हणून हे रान स्वच्छ आहे," एवढेच तो म्हणाला.

गुराख्याचे बोलणे अक्षरशः खरे आहे. काही शेणकिडे गोळे करून दूर नेतात, काही पोच्या खालीच बिळे खणतात, तर काही शेणातच राहतात. पुरलेल्या शेणात मादी अंडे घालते आणि अळी त्यावरच वाढते. यातून माती भुसभुशीत होते, पाणी मुरते, खत मुळांपर्यंत पोचते आणि माश्यांची पैदास घटते. ऑस्ट्रेलियात युरोपीय वसाहतकारांनी गाई नेल्या. पण तेथील भुंगेऱ्यांना कांगारूंच्या कोरड्या लेंड्यांची सवय. शेण कुरणांवर तसेच साचून राहिले, माश्या बेसुमार वाढल्या. शेवटी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून आफ्रिका व इतर प्रदेशांतून शेणकिडे आणून तेथे सोडावे लागले. आणि हा शेणात राबणारा जीव वाट शोधतो ती आकाशाकडे पाहून! आफ्रिकेतील एक निशाचर शेणकिडा आकाशगंगेच्या पट्ट्यावरून सरळ दिशा धरतो, हे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले.

मग घाण म्हणावे तरी कशाला? शेण गाईचे, तिरस्कार आमचा. भुंगेऱ्याच्या लेखी ती भाकर आहे. चौथ्या शतकात मिलानचे बिशप संत अंब्रोज यांना या जिवाची किळस वाटली नाही. हबक्कूक संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या जुन्या ग्रीक भाषांतरात 'लाकडातील भुंगेरा' असा उल्लेख येतो. त्याच्या आधारे लूककृत शुभवर्तमानावरील भाष्यात त्यांनी क्रुसावरून पित्याला हाक मारणाऱ्या ख्रिस्ताला भुंगेऱ्याची उपमा दिली. प्रभूला ज्याची उपमा शोभली, त्याला चिरडावयास आम्ही पाय उचलतो.

येथवर लिहून थांबलो असतो, तर एक गोड प्रवचन झाले असते. नीच मानलेले कामही पवित्र असते, ते आनंदाने करावे, असे सांगून आम्ही मोकळे झालो असतो. पण त्या सहलीहून परतलो त्या दिवशी घरामागील तुंबलेले गटार साफ करावयास नेहमीचा माणूस आला होता. काम आटोपल्यावर त्याला चहा दिला गेला तो परसातल्या कट्ट्यावर वेगळ्या ठेवलेल्या, कान तुटलेल्या कपात. पुतण्याने विचारले, "काका, हा कप इथे का असतो?" आम्हांला उत्तर देता आले नाही. भिंतीवर क्रूस असलेल्या घरात तो कप कित्येक वर्षे होता.

भुंगेरा आणि तो माणूस यांना एका पंक्तीत बसविणे हा अन्याय आहे, हे तेव्हा कळले. भुंगेऱ्याला शेण हवे असते. माणसाला मैला नको असतो, तो त्याच्या वाट्याला लादलेला असतो. १९५४ साली याच भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत पराभूत झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ सालीच, होऊ न शकलेल्या एका भाषणात, मांडले होते की जातिव्यवस्था ही केवळ श्रमांची नव्हे, तर श्रमिकांची विभागणी आहे. हाताने मैला साफ करण्याविरुद्ध १९९३ साली आणि पुन्हा २०१३ साली कायदे झाले. तरीही गटारांत माणसे गुदमरून मरतात. अशा कामाला 'सेवा' म्हणून गौरविणे सोपे आहे, कारण त्या गौरवाला काही खर्च येत नाही.

पवित्र गुरुवारी पाय धुण्याचा विधी आम्ही दरवर्षी श्रद्धेने पाहतो. प्रभूने शिष्यांचे पाय स्वतः धुतले; ते काम दुसऱ्या कोणावर सोपवून त्याची स्तुती केली नाही. या भेदाकडे आमचे लक्ष कधी गेले नव्हते.

तो कप आम्ही टाकून दिला. त्याने फारसे काही साधले असे नाही. पुढच्या खेपेस त्या गृहस्थांना घरात बसवून सर्वांबरोबर चहा दिला, त्यांचे नाव विचारले आणि मजुरी किती असावी हे त्यांनाच ठरवू दिले. त्यांनी सांगितलेला आकडा आम्ही आजवर देत आलो त्याच्या दुप्पट होता. क्षणभर आम्ही घासाघीस करणार होतो.