संशोधनाची मोजदाद

प्राध्यापकांवर संशोधन प्रसिद्ध करण्याची सक्ती असावी काय, याविषयी आपल्या विद्वानांत दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, सक्तीवाचून आळस जात नाही. दुसरा म्हणतो, सक्तीने विद्या येत नाही. आमच्या मते दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, आणि म्हणूनच प्रश्न बिकट झाला आहे.

पहिल्या पक्षाची बाजू अहिल्यानगर जिल्ह्यात, कोल्हारावरून वाहणाऱ्या प्रवरेच्या काठीच दिसते. कोल्हारच्या खालच्या अंगास नेवासे येथे डॉ. सांकळिया यांनी १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन केले. त्याचा ग्रंथ १९६० साली निघाला. दायमाबादचे उत्खनन १९७९ साली संपले. साळी यांचा वृत्तांत १९८६ साली आला. उत्खननाची जमीन एकदाच उकरता येते. तिचे थर पुन्हा जुळत नाहीत. असे काम करून जो ते प्रसिद्ध करीत नाही, तो पुढील पिढ्यांचे धन बुडवितो. लिहिणे हे कर्तव्य आहेच. परंतु या ग्रंथांना लागलेली चार व सात वर्षे वार्षिक गुणांच्या तक्त्यात कोठे बसवावयाची?

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली पदोन्नतीसाठी गुणांची पद्धत आणली. पुढे नियम बदलले. मोजण्याची सवय मात्र राहिली. जेथे निबंधांची संख्या मोलाची, तेथे पैसे घेऊन निबंध छापणारी नियतकालिके निघणारच. २०१८ साली पुण्यातील व इतर अभ्यासकांनी आयोगाच्या यादीतील, विद्यापीठांनी सुचविलेली १,००९ नियतकालिके तपासली. त्यांतील ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट ठरण्याजोगी आढळली. त्याच वर्षी आयोगाने ४,३०५ नावे वगळली. २०१९ साली नवी यादी आली; २०२५ साली तीही बंद झाली.

कोणी म्हणेल, पोटासाठी एखादा पोकळ निबंध छापला, तर कोणाचे काय बिघडले? बिघडते ते विद्यार्थ्याचे. परीक्षेत नक्कल करणाऱ्यास जो गुरू दंड करतो, त्यानेच विकत घेतलेल्या निबंधावर बढती मिळविली, तर त्याच्या दंडास नैतिक आधार कोणता? आणि खेड्यातील महाविद्यालयात दिवसभर मनापासून शिकविणारा अध्यापक संख्येत मागे पडून अपात्र ठरला, तर त्याच्या वर्गातील मुलांनी प्रामाणिकपणाविषयी काय समजावे?

दोष एकट्या अध्यापकाचा नाही. निवड समित्या निबंध मोजतात, कारण मोजण्यास घटका पुरते आणि वाचण्यास दिवस लागतात. आता मान्यतेची तयार यादीही उरलेली नाही. तेव्हा जबाबदारी समित्यांवरच आली आहे. उमेदवाराने आपला सर्वांत चांगला एकच निबंध पुढे ठेवावा, समितीने तो वाचावा आणि त्यावर त्याच्याशी बोलावे. त्याच्या अध्यापनाचाही तितक्याच आस्थेने विचार व्हावा. यात श्रम आहेत, हे आम्ही जाणतो. पण दुसऱ्याच्या विद्येचा न्याय करण्याचा अधिकार ज्यांनी स्वीकारला, त्यांना या श्रमांतून सूट मागता येणार नाही.