वाळवंटाचा धनी

आपल्या भाषेंत निर्जन आणि निष्फळ या दोन कल्पना एकाच शब्दांत बसविलेल्या आहेत. गांव ओसाड पडतें आणि जमीनही ओसाड पडते. जेथें माणूस राहिला नाहीं तेथें कांहीं उगवणार नाहीं, असें जणूं गृहीत धरूनच आपण बोलतों. इंग्रजींतील ‘डेझर्ट’ हा शब्दही ‘सोडून दिलेलें’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून निघालेला आहे. संस्कृतांतील ‘मरु’ शब्दाचा संबंध मरणार्थी धातूशीं लावतात, म्हणजे तो शब्द तरी थोडा निराळा विचार करतो. पण मराठी आणि लॅटिन या दोहोंचें म्हणणें एकच कीं, माणूस निघून गेला म्हणजे मागें वाळवंट राहतें. हें मत मनुष्यजातीच्या अभिमानाला सुखविणारें आहे यांत शंका नाहीं. तें खरें आहे कीं नाहीं हें पडताळून पाहावयाचें तर आमच्या खानदेशाइतकें सोयीचें ठिकाण क्वचितच सांपडेल.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं हा प्रांत खरोखरच माणसांनीं टाकला होता. १८०३-०४ मध्यें होळकरांच्या धामधुमींत फौजांनीं केलेली लूट, तिच्या मागून आलेला दुष्काळ आणि पुढें पेंढाऱ्यांचा उपद्रव यांमुळें गांवेंच्या गांवें उठून गेलीं. १८१८ सालीं इंग्रजांचा अंमल येथें बसला तेव्हां त्यांस काय दिसलें? वाळूचे ढीग नव्हेत. दिसलें तें पडक्या गढ्यांवर आणि बुजलेल्या विहिरींवर माजलेलें रान. शेतांतून झाडोरा उठला होता, आणि वाघांचा सुळसुळाट इतका होता कीं, भिल्ल पलटण उभारणाऱ्या औट्रम साहेबाचें नांव त्याच्या कामगिरीइतकेंच त्यानें केलेल्या वाघांच्या शिकारींमुळेंही गाजलें. रान तोडून जमीन पुन्हां लागवडीस आणण्यांत पुढचीं कित्येक वर्षें गेलीं. मग अमेरिकेंतील १८६१ च्या यादवीमुळें कापसाला अपूर्व भाव आला, आगगाडी आली, सातपुड्यांतील लांकूड खालीं उतरूं लागलें. आणि ज्या रानाला आजा भीत होता तें शोधावयास नातवाला डोंगराच्या पोटांत शिरावें लागलें. तात्पर्य, खानदेश माणसांनीं सोडला तेव्हां त्याचें अरण्य झालें. तो उघडा पडला तो माणसें परत आल्यावर. यावरून माणसें गेलीं तें बरें झालें, असें मात्र कोणीं समजूं नये. त्या रानाखालीं किती घरांचे चौथरे गाडले गेले होते याची आठवण ठेवणारें कोणी उरलें नव्हतें, एवढेंच.

माणसाचा मुळींच संबंध नसलेलीं वाळवंटेंही जगांत आहेत, हें येथें सांगितलें पाहिजे. विषुववृत्तापाशीं तापून वर गेलेली हवा आपलें पाणी बहुतेक तेथेंच सांडून टाकते आणि उत्तरेस व दक्षिणेस तीस अंशांच्या सुमारास कोरडी होऊन खालीं उतरते. सहारा आणि अरबस्तान हीं तिचीं लेंकरें. आटाकामाला समुद्रांतील थंड प्रवाहानें कोरडें ठेविलें आहे, गोबीला समुद्राच्या दूरत्वानें. सहाराच्या खडकांवर गुरांच्या कळपांचीं चित्रें आहेत. पांच-सहा हजार वर्षांपूर्वींपर्यंत तेथें गवत होतें. पृथ्वीच्या भ्रमणांतील सावकाश होणाऱ्या फरकामुळें तेथील पाऊस सरकला आणि तें गेलें. या वाळवंटांपुढें नीतिशास्त्राला कांहीं काम नाहीं. तेथें कोणी अपराधी नाहीं आणि म्हणून कोणाला विचारणेंही नाहीं.

परंतु खानदेश या मालिकेंत बसत नाहीं. दोंडाईचा हें तापीच्या दक्षिणेस अमरावती नदीवर वसलेलें, सुरत-भुसावळ लोहमार्गावरचें गांव. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत असल्यामुळें शिंदखेडें तालुक्याच्या वाट्यास वर्षाकांठीं सुमारे ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस येतो. हा थोडा खरा. पण जैसलमेरला २०० देखील मिळत नाहीं. एवढ्या पावसावर बाजरी पिकते, निंब आणि बाभूळ वाढते, आणि टेकडीवर गुडघाभर गवत उभें राहूं शकतें. हवेचा कोरडेपणा हाही नुसता दोष नव्हे. ज्या उन्हानें नदी आटते त्याच उन्हांत येथील मिरची वाळून लालभडक होते, आणि त्या मिरचीच्या बाजारावरच दोंडाईच्याचें नांव दूरवर गेलेलें आहे. निसर्गानें हा मुलूख वाळवंट म्हणून नेमलेला नाहीं.

मग तो तिकडे कां झुकतो? येथें एक विलक्षण गोष्ट आहे. कोरड्या मुलखांतील जमीन उन्हानें मरते अशी आपली समजूत असते. वस्तुतः आपल्याकडे ती बहुतेक पाण्यानें मरते. टेकडीवरचें गवत खरवडून गेलेलें असलें म्हणजे आषाढाचा पहिला मोठा थेंब थेट उघड्या मातीवर आदळतो. त्या आघातानें मातीचे बारीक कण सुटतात, तिचीं छिद्रें बुजतात आणि वर एक पापुद्रा धरतो. आतां पाणी मुरत नाहीं, तें धांवतें. धांवतांना तें माती घेऊन जातें, आणि जी माती जाते ती नेमकी वरची, म्हणजे सकस असते. उरलेल्या पातळ थरांत पुढच्या वर्षीं ओल कमी टिकते, गवत आणखी विरळ उगवतें, आणि त्यापुढच्या आषाढाचें काम अधिक सोपें होतें. असें होतां होतां मुरूम लागतो, आणि मुरुमाखालीं काळा पाषाण असतोच. इंचभर माती होण्यास शेंकडों वर्षें लागतात. ती जावयास चार-दोन वळीव पुरतात. तापीच्या कांठच्या खोल गाळाच्या जमिनींत हेंच पाणी घळी पाडतें, आणि त्या घळी मागें मागें सरकत चांगल्या शेतांच्या पोटांत शिरतात. अशा जागीं मग वेडी बाभूळ माजते. ओसाड गांवीं एरंड बळी म्हणतात, त्यांतलाच प्रकार. पुष्कळांस तिचा हिरवेपणा पाहून समाधान वाटतें. मला वाटत नाहीं.

हें सारें लहान प्रमाणावर चाललें आहे असें नव्हे. इस्रोच्या अहमदाबाद येथील केंद्रानें २०२१ सालीं प्रसिद्ध केलेल्या नकाशासंग्रहाप्रमाणें २०१८-१९ मध्यें भारतांतील सुमारे ९ कोटि ७८ लक्ष हेक्टर भूमि, म्हणजे शेंकडा तीसच्या जवळ, निकृष्ट झालेली होती. महाराष्ट्राचें प्रमाण त्याआधींच्या, २०११-१३ च्या पाहणींत शेंकडा ४५ च्या आसपास भरलें होतें, आणि त्याचें मुख्य कारण पाण्यानें होणारी धूप हेंच होतें. दूर मध्य आशियांत १९६० नंतर कापसाच्या शेतांसाठीं नद्या वळविल्या गेल्या आणि अरल समुद्राच्या तळाचें खाऱ्या धुळीचें वाळवंट झालें. कापूस पिकविणाऱ्या आमच्यासारख्यांनीं ती हकीकत थोडी लक्ष देऊन वाचण्यासारखी आहे.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. या नासाडीच्या पापाचा धनी कोण? मेंढपाळाला विचारा, तो आपल्या पंचवीस मेंढ्या रोजच्यासारख्या टेकडीवर नेतो, आणि त्या तेथें न नेतां उपाशी ठेवाव्या असें त्याला कोणता नीतिमान मनुष्य सांगेल? सरपणाची मोळी आणणारी बाई चुलीपुरतें आणते. शेतकरी नाल्याच्या कडेपर्यंत आणखी दोन तासें औत चालवितो, कारण त्या दोन तासांत त्याच्या मुलाचें पुस्तक आहे. ज्याची विहीर आटली तो कूपनलिका खणतो, कारण शेजाऱ्यानें खणली आहे. यांत क्रूर कोणीच नाहीं. लोभी म्हणावें तर आपणां सर्वांइतकेच. प्राचीन ग्रीसमध्यें युबुलिडीज नांवाच्या तत्त्ववेत्त्यानें एक कोडें घातलें होतें: वाळूचा एक कण म्हणजे ढीग नव्हे, एक कण वाढविल्यानें ढीग होत नाहीं, मग ढीग होतो तरी केव्हां? महाविद्यालयांत हें कोडें विद्यार्थ्यांस घातलें म्हणजे ते हंसतात. शिंदखेड्याच्या टेकड्यांवर तें कोडें हंसण्यासारखें राहत नाहीं; कारण तेथें ढीग झालेला आहे, आणि प्रत्येक कण टाकणारा शपथपूर्वक सांगूं शकतो कीं, त्याच्या कणानें कांहींही झालें नाहीं. त्याचें म्हणणें खरेंही आहे.

पाप वाटून देण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाहीं. मनुस्मृतीचीं पुष्कळ मतें आज आपणांस मान्य होणार नाहींत. तथापि पशुवधाचे भागीदार मोजतांना तिच्या पांचव्या अध्यायांत केवळ मारणाऱ्यावर न थांबतां अनुमति देणारा, विकणारा, विकत घेणारा, शिजविणारा, वाढणारा आणि खाणारा इतक्या सर्वांस गोवलें आहे, ही सूक्ष्म दृष्टि होय. परंतु ती दृष्टिही येथें अपुरी पडते. पशुवधांत एक कृत्य आहे आणि त्याचे भागीदार अनेक आहेत. वाळवंटांत मुळीं कृत्यच नाहीं. मेंढी चारणें हें पापाचा अंश नव्हे. तें निखळ निर्दोष काम आहे. शून्यांची बेरीज करून जी रक्कम येते तिला कोणाच्या नांवावर मांडावयाचें, हा पेंच आहे. आणि आपली सगळी नैतिक भाषा अपराधी शोधण्यासाठीं घडलेली असल्यामुळें, अपराधी सांपडला नाहीं कीं आपण सुटकेचा निःश्वास टाकून ‘कलियुग’, ‘पाऊसमान’ किंवा अलीकडे ‘हवामानबदल’ असें म्हणतों. पृथ्वीची उष्णता वाढत आहे आणि कोरड्या मुलखांस तिचा जाच अधिक होणार, हें मला ठाऊक आहे. तिचे मोठे कर्ते दूरच्या श्रीमंत देशांत आहेत हेंही खरें. पण आमच्या टेकडीवरचें गवत त्यांनीं खाल्लेलें नाहीं.

१९६८ सालीं गॅरेट हार्डिन या अमेरिकन शास्त्रज्ञानें सामाईक कुरणाच्या उदाहरणावरून हाच पेंच मांडला आणि निर्णय दिला कीं, जें सर्वांचें तें उजाड होणारच. त्याला खासगी मालक किंवा सरकार हवें. आमच्याकडे हे दोन्ही उपाय होऊन गेले आहेत. १८७८ च्या कायद्यानंतर सातपुड्याचें आणि सह्याद्रीचें रान सरकारजमा झालें, आणि ज्या वनवासी लोकांचें तें घर होतें ते त्याच रानांत चोर ठरले. चोराला रान राखण्याचें कारण काय? खासगी मालकीचें पुढें सांगतों. पण हार्डिनच्या नजरेंतून एक तिसरी गोष्ट सुटली होती. ती दाखवून देणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम बाईंना २००९ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांचा शोध असा कीं, पुष्कळ ठिकाणीं गांवकरी स्वतःच नियम करून सामाईक वस्तु पिढ्यान् पिढ्या राखतात. पांझरेच्या कांठचा शेतकरी हें वाचून म्हणेल, यांत शोध कसला?

कारण आमची फडपद्धति तीच आहे. पांझरा, मोसम या नद्यांवर कित्येक शतकांपूर्वीं दगडी बंधारे घातले गेले. बंधाऱ्याखालची जमीन तीन-चार फडांत विभागलेली असते, आणि एका फडांत सर्वांनीं मिळून एकच पीक घ्यावयाचें. माझें शेत, माझी मर्जी, हें तेथें चालत नाहीं. पाणी सोडणारा पाटकरी, राखण करणारा जागल्या, वर देखरेख करणारा हवालदार, हे सर्व लोकांनींच नेमलेले. पाणी कमी पडलें तर एखादा फड कोरडा ठेवितात. आणि बहुतेक प्रत्येकाचा तुकडा प्रत्येक फडांत असल्यामुळें नुकसान एकट्यावर न पडतां सर्वांवर पडतें. ही योजना करणारे साधुसंत होते असें मानण्याचें कारण नाहीं. त्यांनीं अपराधी शोधला नाहीं, मर्यादा ठरविली. शून्यांच्या बेरजेचा हिशेब त्यांनीं असा आधींच मिटविला.

हेंच अलीकडे साक्री तालुक्यांतील बारीपाड्यानें केलें. १९९० नंतरच्या दशकांत तेथील आदिवासी गांवकऱ्यांनीं उजाड होत चाललेलें रान स्वतः राखावयास घेतलें, तोडणाऱ्यास दंड ठरविला, आणि आज सुमारे साडेचारशे हेक्टरांवर दाट जंगल उभें आहे. त्या कामाचे धुरीण चैत्राम पवार यांस २०२५ सालीं पद्मश्री मिळाली. धुळें तालुक्यांत लामकानी येथें गांवानें चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळून टेकडीवर पुन्हां गवत आणलें. तेथेंही गवत लावण्यापेक्षां तें न तोडण्याचें ठरविणें हेंच अवघड होतें. शिरपूर तालुक्यांत २००४ पासून नाले रुंद व खोल करून पाणी जिरविण्याचें मोठें काम झालें आणि विहिरींस पाणी आलें, याचा आनंद आहे. मात्र विहिरींत चढलेलें पाणी किती उपसावें याविषयीं गांवांत ठराव नसेल, तर तें पाणी ऊस-केळीच्या मुळांशीं किती दिवस पुरेल हा प्रश्न उरतोच.

आतां खासगी मालकीचें. या मासिकाच्या वाचकांत अशीं कुटुंबें पुष्कळ असतील कीं, ज्यांचें शेत खानदेशांत आहे आणि बिऱ्हाड पुण्यास किंवा मुंबईस. बकऱ्या-मेंढ्यांनीं डोंगर खाल्ले असें त्यांच्या दिवाणखान्यांत मीं वारंवार ऐकलें आहे. शेत बटाईनें दिलेलें असतें, तेंही तोंडी आणि एका सालापुरतें. तोंडी कां, तर १९४८ च्या कुळकायद्यानंतर कसणाऱ्याचें नांव कागदावर लागलें म्हणजे जमीन हातची गेली, ही धास्ती बापापासून मुलाकडे आलेली आहे. तो कायदा कसणाऱ्याच्या हितासाठीं झाला आणि त्यानें अनेकांचें हित केलेंही. पण त्या धास्तीचा परिणाम असा झाला कीं, पुढच्या सालीं हेंच शेत आपल्याकडे राहील याची बटाईदाराला खात्री नाहीं. मग फुटलेला बांध त्यानें कां घालावा? आणि मालक तर बांध फुटल्याचें पाहावयास येतच नाहीं. तो दिवाळीच्या सुट्टींत येतो, तेव्हां पीक उभें असतें. मालकाची भीति निराधार नाहीं, बटाईदाराची बेफिकिरीही अकारण नाहीं. दोघे मिळून, बांधाचा खर्च कोणीं किती सोसावा आणि शेत निदान पांच सालें कोणाकडे राहील, हें चार पंचांसमक्ष ठरवूं शकतात. असें ठरविलेलीं दोन-तीन कुटुंबें माझ्या माहितींत आहेत, आणि त्यांचीं शेतें कोणीं बळकावलेलीं नाहींत. बाकीच्यांच्या शेतांतली माती दर आषाढांत नाल्यानें अमरावतींत आणि अमरावतीनें तापींत जाते.