खोडलेले आणि पुसलेले

संगणकातील नोंद बदलण्यासाठी एखादा साधा फॉर्म तयार करणे, हे काही मोठे कसब नव्हे. क्रमांक घातला की जुनी नोंद पडद्यावर येते. तीत फरक करावा, बटण दाबावे, झाले. आतली आज्ञा एका ओळीची असते. कोणती नोंद बदलावयाची ही अट तीत राहून गेली, तर तक्त्यातील सगळीच माणसे एका क्षणात एकाच नावाची होतात! परंतु हा प्रमाद ढोबळ असल्याने लपत नाही. आम्हांला चिंता वाटते ती बिनचूक चालणाऱ्या फॉर्मची. तो नवा मजकूर जुन्याच्या जागी बसवितो. आणि जुना मजकूर मुद्दाम निराळा जपला नसेल, तर तो कधी होता याची खूणही उरत नाही.

आपल्याकडील सातबाऱ्यावर जुने नाव कंसात जाते, शेजारी फेरफाराचा क्रमांक येतो. नाव कमी होते, पण वाचता येते.

आम्ही लखनौकर ज्या प्रांतात नोकरी करतो, तेथलेच आझमगढचे लालबिहारी. १९७५ पासून १९९४ पर्यंत ते महसुली कागदांत मृत होते. त्यांनी नावापुढे 'मृतक' लावले, अशाच जिवंत मृतांचा संघ काढला, निवडणुकाही लढविल्या. तेव्हा कुठे कागदाने त्यांना जिवंत मानले. आता 'मृत' पुसून तेथे 'जिवंत' लिहिले, की नोंद शुद्ध झाली खरी. पण मग ती असेही सांगू लागते की, हा मनुष्य कधी मेलाच नव्हता, त्याच्यावर अन्याय कसला? ज्या सहीने तो मारला गेला, ती सहीही त्याबरोबर निर्दोष सुटते. लालबिहारींनी पुढेही 'मृतक' हे उपपद सोडले नाही. दप्तराने जे जपावयास हवे होते, ते त्यांना स्वतःच्या नावात जपावे लागले.

यावर कोणी म्हणेल, खोट्या नोंदीचा डाग जन्मभर का वागवावा? आक्षेप रास्त आहे. ज्याच्यावर नाहक आळ आला, त्याला तो पुसलेलाच हवा असतो. म्हणून चालू नोंद स्वच्छच असावी. जुना मजकूर, बदलणाऱ्याचे नाव, दिनांक आणि आधार ही वेगळ्या तक्त्यात राहावीत, आणि तो तक्ता ज्याची नोंद आहे त्याला मागताच दाखविला जावा. यांपैकी 'आधार' हा रकाना रिकामा सोडण्याची मुभा आम्ही तरी कोणत्याही फॉर्ममध्ये ठेवणार नाही.